वळवलेले गडी

"चौऱ्याहत्तर!" मोहिते गुरुजींनी टेबलावर बोट आपटलं. "चौदा सामन्यांत पोरीनं चौऱ्याहत्तर गडी मारले. माझ्या ऐन उमेदीत मीही एवढे मारले नसतील. मग आपण चर्चा कशाची करतोय?"

मार्चमधला रविवार, भर दुपार. विट्याच्या आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही पाच जण बसलो होतो. कृष्णाकाठ साखळी म्हणून मुलींच्या आठ संघांची खो-खो स्पर्धा आमचं मंडळ भरवायचं. दिवाळीनंतरचे चौदा रविवार सामने चालत, आणि शेवटी हंगामातली सर्वोत्कृष्ट खेळाडू निवडायची जबाबदारी या पाच जणांवर असे. करंडक काही फार मोठा नव्हता. पण जिला तो मिळे तिचं नाव मंडळ राज्य शिबिराला कळवी, आणि मंडळाला एकच नाव कळवायची मुभा होती.

गुरुजी अध्यक्ष. सत्तरीला टेकलेले, पण अजून मैदानाला चक्कर मारल्याशिवाय खुर्चीत न बसणारे. त्यांच्या उजवीकडे तासगाव संघाचे प्रशिक्षक यादव सर. चौऱ्याहत्तर गडी मारणारी छाया पाटोळे त्यांचीच. आणखी दोघे सदस्य होते, ते गुरुजी बोलले की मान हलवायचे. पाचवी मी. गणित शिकवणारी बाबर बाई, साखळीची गुणलेखक, एकोणतीस वर्षांची, आणि त्या समितीतली पहिलीच बाई.

"गुरुजी," मी म्हटलं, "छायानं मारलेल्या चौऱ्याहत्तर गड्यांपैकी चाळीस दुसऱ्या कुणीतरी वळवून दिलेले होते."

"वळवून म्हणजे?"

मी माझी वही उघडली. कोणता गडी कितव्या सेकंदाला कुणी मारला, हे गुणलेखक म्हणून मी लिहीतच होते. पण त्या हंगामात प्रत्येक नोंदीपुढं लाल पेन्सिलीनं मी आणखी एक आकडा टाकत आले होते. पळणाऱ्या पोरीला कोपऱ्यात कोंडून, तिची दिशा मोडून, नेमक्या जागी खो देणारी एक असते, आणि उठून हात लावणारी दुसरी. टाळ्या हात लावणारीला मिळतात. माझा लाल आकडा कोंडणारीचा होता.

"आणि साखळीत असे सगळ्यात जास्त गडी कुणी वळवले?" यादव सरांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक असावं, कारण विचारतानाच ते हसत होते.

"नंदा कोळेकरनं. शेहेचाळीस."

"म्हणजे तुमच्याच वर्गातली."

"माझ्याच वर्गातली," मी म्हटलं. "तुम्ही छायाचे सर, मी नंदाची बाई. आपण दोघंही सारखेच."

मान हलवणाऱ्यांपैकी एकाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं.

नंदाबद्दल इथंच सांगते. ती अकरावीत होती. विट्यात घरोघरी यंत्रमाग. तिची आई हौसाबाई एका कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारं सूत मशीनवर गुंडाळायची. नंदा पहाटे आईबरोबर दोन तास कांड्या भरून मग शाळेत यायची, केसांत कापसाचे तंतू घेऊनच. परीक्षा झाली की तिला पूर्ण वेळ मशीनवर बसवायचं आईनं ठरवलं होतं. "शिबिराला नाव लागलं तर बारावी. नाहीतर पुरे झालं पळणं," असं तिनं मला तोंडावर सांगितलं होतं. बाई वाईट नव्हती. घरात कमावणारी ती एकटीच होती.

हे मी समितीला सांगितलं नाही. सांगायचंही नव्हतं. नंदा दयेवर नाही, खेळावर जिंकावी, एवढाच माझा हट्ट होता. आणि ती जिंकणार याची मला तिळमात्र शंका नव्हती.

"बरं, वळवलेले धरू," गुरुजी म्हणाले. "पण मग पळणंही धरायला पाहिजे. निम्मा खेळ पळण्याचाच आहे. आणि गडी मारणं अन् सेकंद पळणं एकत्र कसं मोजणार तुम्ही? दूध धान्याच्या पायलीनं मोजायला निघालात की काय?"

"मोजता येतं." मी उठून फळ्यापाशी गेले. या प्रश्नाची मी महिनाभर वाट बघत होते. "आपल्या साखळीत नऊ मिनिटांच्या डावात सरासरी अकरा गडी बाद होतात. म्हणजे साधारण पन्नास सेकंदांना एक. जी पोरगी पन्नासाऐवजी शंभर सेकंद टिकली, तिनं आपल्या संघाचा एक गडी वाचवला. मारलेला एक गडी आणि वाचवलेला एक गडी, किंमत सारखीच."

गुरुजी फळ्याकडं टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "आणि वळवलेला?"

"अर्धा वळवणारीचा, अर्धा मारणारीचा."

"अर्धाच का?"

"त्याहून न्याय्य मला तरी सुचत नाही."

"अहो, पण हे सगळं बाईंनी नंदासाठीच रचलंय," यादव सर उसळले. "बाण आधी मारायचा आणि मग त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं! मी पण अशी दहा गणितं मांडून दाखवतो."

खरं सांगायचं तर ते अगदीच चुकत नव्हते.

गुरुजींनी खडू उचलला आणि माझ्या हातात ठेवला. "बाई, नियम फळ्यावर नीट लिहा. खाली सही करा. एका पोरीचा नाही, आठही संघांतल्या बहात्तर पोरींचा हिशेब करायचा. पुढच्या रविवारी जे नाव निघेल ते निघेल. नियम आधी, नाव मागून. कबूल?"

"कबूल."

"आणि यादव, तू पण सही कर. नंतर कुरकुर नको."

यादव सरांनी सही केली. गुरुजींनी शिपायाला बजावलं, आठ दिवस हा फळा पुसायचा नाही.

सोमवारपासून मी कामाला लागले. मोकळ्या तासाला, मधल्या सुट्टीत, पेपर तपासायच्या नावाखाली, वही मांडून बसायचे. नावं लिहिलीच नाहीत, फक्त संघ आणि बनियनवरचा क्रमांक. हात कुणाकडं झुकायला नको. नंदाचा क्रमांक मला अर्थात पाठ होता, पण ते काय करणार.

बुधवारी नंदा वर्गाबाहेर थांबली होती.

"बाई, माझं नाव येणार का हो?"

"रविवारी कळेल."

"आई विचारत होती. मुकादमानं तिला सांगितलंय, एक तारखेपासनं मशीन रिकामं होतंय."

"रविवारी, नंदा."

"तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही," असं म्हणून ती पळाली.

गुरुवारी दुपारी शेवटची बेरीज झाली. सामान्य खेळाडूपेक्षा कोण किती गडी जास्त मोलाची, असा तो आकडा होता. छाया दहा. मारण्यात ती भारी, पण पळताना तिसाव्या सेकंदाला बाद व्हायची आणि कमावलेलं निम्मं घालवायची. नंदा बावीस. आणि भिलवडीची सात नंबर, सव्वीस.

मी बेरीज पुन्हा केली. सव्वीस. तिसऱ्यांदा उलटीकडून केली. सव्वीसच.

भिलवडी! चौदापैकी तेरा सामने हरून तळाला गेलेला संघ. त्यातली ही सात नंबर सरासरी पंच्याण्णव सेकंद पळत होती. साखळीत तिच्या जवळपासही कुणी नव्हतं. नाव बघायला मी संघांच्या याद्या काढल्या. नसीम मुलाणी. अठ्ठावीस डावांत तिचा क्रमांक मी माझ्या हातानं लिहिला होता, आणि तिचा चेहरा काही केल्या मला आठवेना.

मग मी जे केलं तेही सांगते. कोऱ्या पानावर वळवणारीचा वाटा अर्ध्याऐवजी दोनतृतीयांश धरला. नंदा एकोणतीसवर गेली, नसीम सव्वीसवरच राहिली. दोनतृतीयांश म्हणजे काही खोटेपणा नव्हता. कोंडणं हे हात लावण्यापेक्षा अवघड असतंच. खो-खो खेळलेला कुणीही मान्य करील. गुरुजींना पटवणंही जमलं असतं. ते पान समोर ठेवून मी तास संपेपर्यंत बसून राहिले. पुढच्या तासाला नववी ब ला त्रैराशिक शिकवताना दोनदा चुकले. पोरींनी चूक दाखवली.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी एसटी धरून भिलवडीला गेले. सव्वीस कशी दिसते ते मला बघायचं होतं.

नदीकडच्या एका मोकळ्या जागेत खांब म्हणून दोन वासे रोवले होते. मैदानात सहाच पोरी. त्यांतल्या दोघी तर इतक्या लहान की खाली बसल्यावर फ्रॉकमध्येच गुडूप व्हायच्या. सात नंबर मी लगेच ओळखली. सडपातळ, सावळी, वेणी कमरेला खोचलेली. पाचही जणी तिच्या मागं आणि ती एकटी पुढं. खांबापाशी ती अशी वळायची की अंग एकीकडं आणि पाय दुसरीकडं जातोय असं वाटे. तिचं पळणं वेगाचं नव्हतं. आपल्याला बाद व्हायला अजिबात सवड नाही, असं ते पळणं होतं.

दम खायला थांबल्यावर मी तिला हाक मारली. "मला ओळखलंस?"

"गुण लिहिणाऱ्या बाई." ती ओढणीनं तोंड पुसत होती. "आमच्या हातून काय चुकलंय का?"

"नाही गं. तू एवढा वेळ कशी टिकतेस ते विचारायला आले."

प्रश्न तिला विचित्र वाटला असावा. ती त्या लहानग्यांकडं बघत म्हणाली, "नऊ जणी भरायला आम्हांला धाकट्या बहिणी आणाव्या लागतात, बाई. मी बाद झाले की त्या पटापट जातात. मग मी जातच नाही."

"पण तरी हरताच की तुम्ही."

"हरतो की. पण पंधरा गड्यांनी हरायचं का चार, ते तर आपल्या हातात आहे ना? चारनं हरलो तर पोरी पुढच्या रविवारी येतात. पंधरानं हरलो की येत नाहीत."

परतीच्या गाडीत मी ते दोनतृतीयांशाचं पान वहीत तसंच राहू दिलं. फाडलं नाही.

रविवारी समिती बसली. फळ्यावरचा नियम आणि सह्या तशाच होत्या. मी आकडे वाचले. छाया दहा म्हटल्यावर यादव सरांचा चेहरा उतरला. नंदा बावीस म्हटल्यावर ते म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो?"

"नंदा दुसरी आहे," मी म्हटलं. "पहिली नसीम मुलाणी. भिलवडी. सव्वीस."

गुरुजींनी चष्मा काढला. "भिलवडी म्हणजे आपली तळाची भिलवडी?"

"तीच."

"हे काहीतरीच!" यादव सर उठून उभे राहिले. "संघ तळाला आणि पोरगी सर्वोत्कृष्ट? जी संघाला एकच सामना जिंकून देते, तिची किंमत कसली? ती नसती तरी ते शेवटचेच आले असते."

"शेवटचे आले असते, हे खरं," मी म्हटलं. "पण भिलवडी पाच सामने तीन किंवा चार गड्यांनी हरली. तिच्या जागी सामान्य पोरगी असती तर हंगामात आणखी सव्वीस गड्यांचा फरक पडला असता. सर, छाया तुमच्या संघात आहे, जिथं बाकीच्या आठजणीही चांगल्या आहेत. छाया भिलवडीत असती तर चाळीस गडी तिला वळवून कुणी दिले असते? आपण पोरीला बक्षीस देतोय की तिच्या शेजारी बसलेल्यांना?"

"पण करंडक जिंकणाऱ्याला असतो, बाई!"

"संघाचा करंडक तासगावला दिलाच की आपण. हा दुसरा आहे."

गुरुजी इतका वेळ माझ्याकडं बघत होते. "तुमची पोरगी दुसरी आली."

"हो."

"आणि हे तुम्ही स्वतः सांगताय."

"आणखी एक सांगायचंय." मी वहीतलं ते पान काढून त्यांच्यापुढं ठेवलं. "वाटा अर्ध्याऐवजी दोनतृतीयांश धरला तर नंदा पहिली येते. मी करून बघितलंय. तुमच्यापासून लपवायचं नाही."

गुरुजींनी पान उलटसुलट बघितलं. "मग धरायचा का दोनतृतीयांश? कोंडणं अवघड असतं, मला पटतंय."

मला समोर हौसाबाईच्या कारखान्यातलं ते रिकामं होणारं मशीन दिसत होतं. "पुढच्या हंगामात धरा," मी म्हटलं. "नोव्हेंबरात, पहिला सामना व्हायच्या आत. आता नको."

"मला त्या मुलाणीच्या पोरीचं तोंडसुद्धा आठवत नाही," गुरुजी हळू आवाजात म्हणाले.

"मलाही आठवत नव्हतं. काल जाऊन बघून आले."

मतं घेतली. यादव सर विरुद्ध; मान हलवणाऱ्यांपैकी एक जण त्यांच्या बाजूनं. दुसऱ्यानं प्रथमच कुणाकडं न बघता हात वर केला, नसीमसाठी. मी हात वर केला. शेवटी गुरुजींनी. तिघं विरुद्ध दोघं. छायाला उत्कृष्ट आक्रमकाचं मानचिन्ह द्यायचं ठरलं. जाताना यादव सर दारात थांबले आणि म्हणाले, "तुमचं मला पटलेलं नाही, बाई. पण पुढच्या वर्षी मी छायाला पळायला शिकवणार." तेवढं बोलून गेले.

पुढं कोण कुठं पोचलं ते आधीच सांगून टाकते, कारण हे घडून सत्तावीस वर्षं झाली. नसीम शिबिराला गेली आणि राज्य संघातून तीन वर्षं खेळली. नंदा त्याच्या पुढच्या वर्षी खुल्या निवड चाचणीतून जिल्हा संघात आली. आज ती सांगलीजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि पोरींना गडी मारायच्या आधी कोंडायला शिकवते. पण त्या रविवारी यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी मला फक्त कोळेकरांच्या घरी जायचं होतं.

पाच वाजले असतील. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट. नंदा उंबऱ्यातच बसली होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

"छाया?"

"नाही. भिलवडीची नसीम."

"ती हरणारी?"

"तीच. तू दुसरी आलीस."

नंदा उठून उभी राहिली. आवाज करायचा नाही असं ठरवलेल्या माणसासारखी बोलली. "तुम्हीच मोजलं ना?"

"मीच."

"मग तुम्ही मला पहिली काढू शकला नसता?"

"काढू शकले असते," मी म्हटलं. "काढली नाही."

तिनं पाठ फिरवली. भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. मी तशीच उभी. बऱ्याच वेळानं ती वळली, डोळे लाल. "कुठं कमी पडले?"

"पळण्यात. ती पंच्याण्णव सेकंद टिकते, तू साठ."

"पस्तीस सेकंद." तिनं ते असं म्हटलं, जणू दोन खांबांमधलं अंतर मोजत होती. "एवढंच?"

एवढ्यात हौसाबाई बाहेर आली. ती आतून सगळं ऐकत असावी. पदरानं हात पुसत तिनं मला विचारलं, "समद्या मिळून पोरी किती होत्या, बाई?"

"बहात्तर."

"बहात्तर. आन् ही दुसरी?"

"हो."

"शिबिर?"

"शिबिराला एकच जाते, हौसाबाई. ही नाही जाणार."

हौसाबाई उंबऱ्यावर टेकली. बोटांवर काहीतरी मोजत होती. नुसते ओठ हलत होते. "आमच्या घरात आजवर कुनाचा कशात नंबर लागला न्हाई," ती शेवटी म्हणाली. "माजा भाऊ लष्करात भरती व्हायला गेला, तर मापात छातीच भरली न्हाई. मला तर कुनी मोजलंच न्हाई कधी." मग लेकीकडं न बघताच म्हणाली, "मुकादमाला म्या सांगीन. येक तारखेपासनं त्या मशीनवर म्याच डबल पाळी करीन. तू बारावीला बस."

"आई, तुझी कंबर..."

"कंबर माजी हाय. तुजी न्हवं."

नंदानं ओढणी तोंडावरून फिरवली. केसांतला कापसाचा तंतू काढून उंबऱ्याबाहेर टाकलं. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "बाई, भिलवडीला सकाळची पहिली गाडी किती वाजता असते?"